दादाचा डबा आणि माझा जुना ॲम्प

तुळशीचं लग्न झालं की मला फोन यायला लागतात. पालघर, माहीम, केळवे, बोईसर, पार तिकडे तारापूरपर्यंतच्या, लग्नांत वाजवणाऱ्या बेंजो पार्ट्यांमधून. प्रश्न ठरलेला असतो. "काका, बेस गिटारला ॲम्प घ्यायचा हाय. आपल्याकडे जोडलेला नवा घेऊ, का जुना विलायती शोधू?"

मी या पट्ट्यात पंचवीस वर्षं हळदी-लग्नांत बेस गिटार वाजवतो. पोटापाण्यासाठी पालघरला कचेरीजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, पण लोक मला ओळखतात ते गिटारमुळे आणि माझ्या कानामुळे. कानामुळे म्हणजे, 'याचा कान तयार आहे' असं कोणीतरी कधीतरी म्हणालं आणि मी ते खरं धरून चाललो. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी एका दमात देऊन टाकायचो. जुना घे. आपल्याकडच्या ॲम्पच्या डब्यांत दम नाही. पत्रा वाजतो, बटण हातात येतं, वरच्या पट्टीत ठीक पण खालचा सूर पोटात उतरत नाही. समोरचा "हो काका, हो काका" म्हणायचा आणि मला बरं वाटायचं.

आता फोन आला की मी गप्प होतो. पलीकडच्याला वाटतं रेंज गेली.

माझा जुना ॲम्प मी पंचविसाव्या वर्षी घेतला. मुंबईतला एक ऑर्केस्ट्रा मोडला, त्यांचं सामान विकायला निघालं होतं, त्यातला. विलायती, काळ्या रेक्झिनचा, कमरेएवढा उंच, आत पंधरा इंची स्पीकर आणि पुढे एक लाल काचेचा दिवा. दोन माणसांशिवाय हलत नसे. टेम्पोतून दातिवऱ्याला घरी आणला तेव्हा बाबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, बोटाने लाकूड ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "लाकूड चांगलं हाय." बाबांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं.

बाबा होड्या दुरुस्त करायचे. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की किनाऱ्यावर त्यांचं राज्य. सडलेली फळी काढायची, नवी बसवायची, सांधे भरायचे. आमच्या गावात अशा होड्या होत्या की ज्यांना मालक आजोबांच्या वेळची म्हणायचा आणि त्यातली एकही फळी आजोबांच्या वेळची नसायची. बाबांची एक रीत होती. काय बदललं ते होडीच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहून ठेवायचं. आणि मूळची एक तरी वस्तू राखायची, फळी नाही तर खुंटी, काहीतरी. मालकाला त्यातलं काही सांगायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कशाला सांगायचं? होडी त्याची हाय. आपण फळी बदलली, होडी नाय बदलली." दादा शेजारी बसून करवतीला तेल लावत होता. त्याने ते ऐकलं. मीही ऐकलं, पण माझं ऐकणं आणि त्याचं ऐकणं यात नेहमीच फरक.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो सुतारकामात पडला नाही. तारापूरच्या कारखान्यांत एका ठिकाणी ट्रान्सफॉर्मर गुंडाळायच्या खात्यात लागला, लग्न झाल्यावर जवळच्या पाम गावी राहायला गेला. हातात कसब होतं. तांब्याची तार त्याच्या बोटांतून अशी सुटायची की बघत राहावं. माणूस मात्र अबोल. मी घरातला बोलका, फटकळ, सगळ्याबद्दल मत असलेला, आणि तो माझं बोलणं ऐकून गालात हसणारा. आमच्यात भांडण असं कधी झालंच नाही. भांडायला दोघं लागतात.

ॲम्पची व्यवस्था त्याने पहिल्यापासून आपल्याकडे घेतली. होड्या पावसाळ्यात वर ओढतात तसा माझा ॲम्प दर पावसाळ्यात पामला त्याच्याकडे मुक्कामाला जायचा. आमच्या किनाऱ्याच्या हवेत लोखंड चार महिन्यांत गंजून खलास होतं, तिथे विजेच्या वस्तूची काय कथा. दादा त्याच्यात एक बल्ब पेटता ठेवायचा, आतली ओल जावी म्हणून. पुसायचा, सांधे तपासायचा. नवरात्रात मी टेम्पो घेऊन गेलो की डबा तयार. मला एकच ताकीद होती. "पाठ उघडू नको हां. बंद असला तरी आत करंट राहतो. बसला तर जाशील." मला विजेची आधीच भीती, त्यामुळे मी स्क्रू-ड्रायव्हर कधी जवळ नेला नाही.

एका वर्षी हंगामाच्या शेवटी एका लग्नात जनरेटरने दगा दिला. मोठा आवाज झाला, जळका वास आला आणि डबा बंद पडला. मी दुसऱ्या दिवशी पामला जाऊन अक्षरशः रडलो. दादाने पाठ उघडून पाहिलं. "ट्रान्सफॉर्मर गेला," म्हणाला. "मी गुंडाळून देतो."

मी काय म्हणालो ते मला शब्दाला शब्द आठवतं. "नको दादा. इथलं काय घालू नको त्यात. मूळचाच पायजे. मुंबईत शोध, कुठं पण शोध, पण मूळचा. नायतर राहू दे तसाच."

त्याने तो जळका ठोकळा सोडवून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "बघतो."

नवरात्रात डबा वाजायला लागला. "मिळाला?" मी विचारलं. "मिळाला," तो म्हणाला. मी खूश. त्यानंतर कित्येक हळदींत मी लोकांना सांगितलं असेल, की आमचा दादा बघा, मुंबई पालथी घालून मूळचा विलायती ट्रान्सफॉर्मर शोधून आणला. तो तिथे असला तर मान खाली घालून हसायचा.

पुढे दोनेक वर्षांत दादाने नोकरी सोडली आणि घराशेजारीच पत्र्याची शेड टाकून स्वतःचे ॲम्प जोडायला घेतले. बेस गिटारचे. बाकी कोणी या नादाला लागलं नसतं, पण त्याच्या डोक्यात एकच होतं, की असा डबा आपण इथे बनवू शकतो. आणि त्याला ते दुसऱ्या कोणाकडून नाही, माझ्याकडून ऐकायचं होतं. मी एकदा म्हणावं, दादा, जमलं, एवढंच. हे त्याने कधी उघड सांगितलं नाही. पण प्रत्येक नवा डबा झाला की फोन यायचा, "येऊन वाजवून जा जरा."

मी जायचो. वाजवायचो. आणि नाकाने कांदे सोलायचो. खोटं बोलत होतो असं नाही. त्याच्या पहिल्या डब्यांत दोष होते. प्लायवुड हलकं असायचं, जोरात वाजवलं की थरथरायचं. पिन घालायचं सॉकेट बाजारातलं, दहा वेळा काढ-घाल केली की सैल. हाताशी भांडवल बेताचं, त्यामुळे छापील सर्किट बोर्ड मिळतील ते. मी हे सगळं त्याला सांगायचो आणि तो वहीत लिहून घ्यायचा. पुढच्या डब्यात त्यातलं निम्मं सुधारलेलं असायचं. पण मी जे सांगायचो त्याचा सूर एकच. "माझ्या जुन्याला ती सर नाय." सॉकेट सुधारता येतं. याचं काय करणार?

चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्याने मला बोलावलं. माहीमचा एक बेंजो मास्तर आला होता, माझ्या जुन्या ओळखीचा, पांढऱ्या मिशांचा, या भागातल्या पाच-सहा पार्ट्या त्याच्या शब्दावर चालतात. त्याला चार डबे हवे होते. चार म्हणजे दादासाठी वर्षभराचं काम होतं, शिवाय ते चार गावागावांत वाजले की पुढचे आपोआप आले असते. मास्तर म्हणाला होता, तुमच्या भावाचा कान तयार हाय, त्याने हो म्हटलं की माझं हो.

माझा जुना डबा मी आदल्या दिवशी सफाळ्याला वाजवून तसाच टेम्पोत घेऊन गेलो होतो. दादाने तो आणि त्याचा नवा शेजारी-शेजारी ठेवले आणि त्यांच्यापुढे वहिनीने धुतलेली चादर टांगली. "कुठल्याला पिन हाय ते बघू नको," म्हणाला. "वाजव, आणि मास्तरांना सांग कुठला चांगला."

दुपारची वेळ. शेडचा पत्रा तापलेला. मी वाजवलं. मग दादाने पिन बदलली, पुन्हा वाजवलं. मी क्षणात ओळखलं. खरंच ओळखलं, त्यात गंमत नाही. जुन्याचं जाड लाकूड वेगळं बोलायचं. आणि ओळखल्याचा मला इतका अभिमान झाला की मी गप्प बसूच शकलो नाही.

"हा दुसरा माझा जुना," मी म्हणालो. "मास्तर, याला म्हणतात आवाज. छातीत जातो बघा. दादाचा डबा ऐकायला बरा हाय, घरगुती कामाला चालंल. पण आतलं काम, ते तिकडचं ते तिकडचंच. आपल्याकडे ते जमायचं नाय."

दादा चादरीच्या पलीकडे होता. तो लगेच बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याने मला विचारलं, "आतलं काम म्हणजे काय रे? नक्की काय वेगळं वाटते?" आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी हात उडवून म्हणालो, "ते सांगता येत नाय, ते कळावं लागते."

मास्तर मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "बघतो. कळवतो." दादा म्हणाला, "चहा घेऊन जा मास्तर." मास्तर चहा घेऊन गेला आणि त्याने कधीच कळवलं नाही. नंतर ऐकलं की त्याच्या पार्ट्यांनी मुंबईहून जुने डबे आणले.

दादाने शेड आणखी काही महिने चालवली, दुरुस्तीपुरती. मग तो पुन्हा कारखान्यात लागला, यावेळी ठेकेदारामार्फत. तयार झालेले डबे घरात आले. एकावर पाण्याचा हंडा, एकावर देवाचं सामान. मी जायचो तेव्हा त्यातल्या एखाद्यावर बसून चहा प्यायचो.

या सगळ्यात त्याने मला एकच गोष्ट तोंडाने मागितली. दातिवऱ्याला आमच्या चुलतभावाच्या मुलीची हळद होती. आमचं गाव, आमची माणसं. दादा म्हणाला, "एक गाणं माझ्या डब्यावर वाजव. एकच. बाकी तुझ्या जुन्यावर."

"गावात हसं करायचंय काय?" मी म्हणालो.

त्याने पुन्हा विषय काढला नाही. उलट टेम्पोतून माझा जुना डबा उतरवायला तोच आला. एका बाजूने मी, एका बाजूने तो. वाळूतून चालताना म्हणाला, "जड हाय बाबा," आणि हसायला लागला. एवढं हसण्यासारखं काय आहे मला कळेना. मी म्हटलं, "जड असणारच, विलायती लोखंड हाय." तर तो आणखीच हसला, इतका की डबा खाली ठेवावा लागला.

दिवस मावळायच्या आत बेंजो सुरू झाला. सगळं गाव नाचत होतं. दादा नाचला नाही. तो माझ्या डब्याशेजारी उभा होता आणि त्याने डब्याच्या लाकडावर तळवा टेकवला होता, गुरांच्या पाठीवर ठेवतात तसा. गाण्यामागून गाणी झाली, त्याने हात काढला नाही. मला वाटलं, शिकतोय बिचारा. मला त्याची कीव आली. हे लिहिताना मला स्वतःची शिसारी येते, पण आली होती खरी.

गेल्या वर्षी होळीच्या आठ दिवस आधी दादा गेला. दुपारी जेवून कामावर जायला निघाला, छातीत दुखतंय म्हणून उंबऱ्यावर बसला, बोईसरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. छप्पन्न वर्षांचा होता. त्या होळीला आमच्या घरात कोणी रंग लावला नाही.

त्या पावसाळ्यात ॲम्प कुठे न्यायचा हा प्रश्न माझ्यापुढे आला तेव्हा दादा नाही हे मला पहिल्यांदा नीट कळलं. डबा माझ्याच घरी पालघरला राहिला, प्लास्टिकखाली. या पावसाळ्यातही तिथेच. तुळशीच्या लग्नानंतर पहिली सुपारी होती शिरगावची. चार दिवस आधी डबा लावून पाहिला तर घूं घूं असा आवाज, मध्येच खरखर, मग सूर गायब. दोन दुरुस्तीवाल्यांना फोन केले, दोघे म्हणाले, काका, एवढा जुना माल आम्ही उघडत नाही. शेवटी मी पिन काढली, दोन दिवस डबा तसाच ठेवला, हातात रबरी मोजे घातले आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याची पाठ उघडली.

आधी पाठीची फळी सुटून माझ्या हातात आली. तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं. जाड, सुताराच्या पेन्सिलीने. दादाचं अक्षर, जरा उजवीकडे कललेलं. नऊ ओळी.

पहिली होती: "ट्रान्सफॉर्मर. तीनदा गुंडाळला. तिसऱ्यांदा जमला."

तिच्याखाली: "मोठे कंडेन्सर दोन. खाऱ्या हवेने गेलेले." मग: "पुढचा बोर्ड. छापील नको, हाताने जोडला." मग आउटपुटचे ट्रान्झिस्टर. मग स्पीकरचा कागदी कोन. प्रत्येक पावसाळ्याची एक ओळ. शेवटची, तो जायच्या आदल्या पावसाळ्यातली, अशी: "पिनचं सॉकेट. आता आतलं जुनं काय उरलं नाय. लाल काच तेवढी ठेवली."

मग बॅटरी घेऊन आत पाहिलं. मला विजेतलं कळत नाही, पण दादाचा हात कळतो. तारा अशा वळवलेल्या की एकीवर एक चढलेली नाही, प्रत्येक सांधा तांदळाएवढा, चकचकीत. त्याच्या विकायच्या डब्यांत असं काम मी पाहिलं नव्हतं. तिथे त्याला घाई असायची, गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं, माल स्वस्त घ्यावा लागायचा. इथे त्याने एका वेळी एकच वस्तू धरली आणि तिला अख्खा पावसाळा दिला.

तळाशी एक कापडी पिशवी होती, चार स्क्रूंनी लाकडाला घट्ट बसवलेली. मला वाटलं, तोही काहीतरी विजेचाच भाग. बोटाने चाचपली तर आत गोळ्या लागल्या. टाका उसवून पाहिलं. शिसं. जाळ्याला वजन म्हणून ओवतात ती शिशं, बाबांच्या जुन्या जाळ्याची. दादाने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर मूळच्या विलायतीपेक्षा हलका झाला असणार. डबा उचलताना मला फरक कळेल म्हणून त्याने त्यात शिसं भरलं होतं.

ज्याला मी विलायती लोखंड म्हणत होतो ते बाबांच्या जाळ्याचं शिसं होतं, आणि ते माझ्याबरोबर वाहून नेताना दादा हसत होता.

मी हिशेब मांडला, मांडायचा नव्हता तरी. मास्तरांसमोर चादर टांगली ते वर्ष सातव्या ओळीचं, तोवर आतलं बहुतेक सगळं बदलून झालेलं. म्हणजे चादरीआडचे दोन्ही डबे दादाचेच होते. छातीत जातो म्हणालो तो आवाज त्याचा. आपल्याकडे जमायचं नाही म्हणालो ते आतलं कामही त्याचंच. त्याने पाठ उघडून दाखवली असती तर मास्तरांनी तिथल्या तिथे चार डबे सांगितले असते आणि मी तोंडावर पडलो असतो. चार स्क्रूंचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फळी पिशवीत घालून मी पामला गेलो. वहिनी अंगणात वाळत घातलेले बोंबील उलटे करत होत्या. मी फळी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात पदराला पुसले आणि फळी उन्हाला तिरपी धरून बघितली. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुमाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"पिशवी मीच शिवली ती," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या बाबांच्या लुंगीची हाय."

"मग त्या दिवशी, मास्तर आले तवा... बोलला का नाय तो?"

वहिनी बोंबलांकडे बघत म्हणाल्या, "मी पण तेच बोलले त्यांना. मास्तर गेल्यावर भांडले मी. म्हटलं, उघडून दाखवायचा होता डबा. तर बोलले, लोकांसमोर त्याचं तोंड पडलं असतं ना. बोलले, त्याला आवडतोय ना आवाज, मग झालं की. रात्री जेवताना पण दोनदा तेच बोलले. त्याला आवडला, म्हणे, छातीत जातो बोलला. लई खूश होते ओ त्या दिवशी. मला काय कळेना, ऑर्डर गेली आणि हा माणूस खूश."

मी आत जाऊन बसलो. बसायला तोच दादाचा डबा होता. चादरीआडचा, परीक्षेत हरलेला. मी पटकन उठलो.

वहिनींनी ते पाहिलं. त्यांनी डब्याला टेकवून ठेवलेली आपल्या पोराची पुस्तकं उचलली, पदराने धूळ पुसली. "घेऊन जा," म्हणाल्या. "तुमचा बिघडलाय ना. हा वाजवा."

गिटार टेम्पोत होतं, तिथून परस्पर शिरगावला जायचं म्हणून बरोबर घेतलेलं. मी ते आणलं. डबा ओट्याजवळच्या सॉकेटला लावला. बटण दाबलं. दिवा लागला. हिरवा, बाजारातला. मी जाडी तार छेडली.

काही आलं नाही. आवाज वाढवला. आतून नुसती बारीक फरफर आली, पावसात भिजलेल्या कागदासारखी, आणि तीही थांबली. चार पावसाळे तो डबा असाच ओल्या हवेत पडला होता. त्याच्यात कोणी बल्ब पेटता ठेवला नव्हता. माझा पोसायला दर पावसाळा गेला, स्वतःच्याला दादाने कधी वेळ दिला नाही.

मी तरी तार छेडत राहिलो. विजेशिवाय बेस गिटारचा आवाज हातभर लांब पण जात नाही. वहिनी दारात उभ्या होत्या.

"चांगला होता, वयनी," मी म्हणालो. "दादाचा डबा. माझ्या जुन्यापेक्षा चांगला होता. त्याला जमलं होतं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, रागही नव्हता.

"मला काय सांगता भावजी," त्या म्हणाल्या. "हे त्यांना सांगायचं होतं."

मग त्या बाहेर गेल्या, कारण बोंबलांवर कावळे आले होते.